रोजच्या दहा ओळी

वडिलांनी मला मनन लिहायला बसवलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. नगर जिल्ह्यातल्या एका गावात ते मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि पाळकसाहेब येऊ शकायचे नाहीत त्या रविवारी उपासनाही तेच चालवायचे. पहाटे चहाच्या आधी बायबलमधला त्या दिवसाचा भाग वाचायचा, थोडा वेळ गप्प बसायचं आणि मग वहीत दहा ओळी लिहायच्या, असा त्यांचा नेम होता. कोणत्या दिवशी काय वाचायचं ते एका छापील पत्रकात दिलेलं असे. ते वर्षभर कंदिलाशेजारी खिळ्याला टांगलेलं असायचं आणि डिसेंबरपर्यंत धुराने तपकिरी होऊन जायचं.

"उपदेश लिहायचा नाही," ते सांगत. "उपदेश दुसऱ्याला असतो. मनन आपलं आपल्याला."

हे वाक्य मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं. माझं अक्षर चांगलं होतं, वचनं लक्षात राहत आणि दहा ओळी भरायला मला फारसं थांबावं लागत नसे. महिन्याच्या शेवटी वडील वही बघत आणि प्रत्येक पानाखाली लाल पेन्सिलीने एक बारीक खूण करत. खूण नसलेलं पान माझ्या वहीत कधी नव्हतं. याचा मला अभिमान होता, आणि अभिमान हे पाप आहे यावरही मी दोन-तीनदा छान लिहिलं होतं.

पुढे मिरजेला नर्सिंग शिकले. परीक्षा झाली त्याच सुमारास कुंभकोणमच्या बायकांच्या एका इस्पितळातून नर्सेस हव्या असल्याचं पत्र आलं. मी हो म्हटलं. मी एकुलती एक, त्यामुळे आईला ते रुचलं नाही, पण ती बोलली नाही. ती एकूणच कमी बोलायची. वडिलांनी सहा कोऱ्या वह्या बांधून दिल्या आणि म्हणाले, "भरली की बुकपोस्टने पाठव. मी वाचून परत धाडीन." पन्नासच्या दशकातली पहिली काही वर्षं होती. मी तेवीस वर्षांची होते.

कुंभकोणमला नर्सेसच्या क्वार्टर्समध्ये जागा नव्हती. डॉक्टरीणबाईंनी एका कुटुंबातल्या मुलीचं अवघड बाळंतपण निभावलं होतं. त्या ओळखीवर त्या कुटुंबाच्या घराची मागची खोली मला मिळाली. घर लांबच लांब होतं, पुढचं दार देवळाच्या रस्त्यावर आणि मागचं गल्लीत. माझी खोली गल्लीच्या बाजूला, तिचं दार वेगळं, पाण्याची घागरही वेगळी. मोलकरीण विहिरीवरून ती भरून उंबऱ्याशी ठेवायची. मुख्य घरात मी जायचं नाही हे कोणी सांगितलं नाही, पण मला ते समजलेलं होतं.

घरमालक कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. गल्लीत सगळे त्यांना रायर म्हणत. तंजावरच्या राजांच्या काळात त्यांचे पूर्वज देशावरून आले होते. बाहेर तमिळ आणि घरात मराठी असा त्यांचा रिवाज. पण ती मराठी मी कधी ऐकली नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी घागर उचलत होते तेव्हा मागच्या दारात उभं राहून ते म्हणाले,

"मुली, तूं पहाटें मोठ्यानें वाचतेस. मज ऐकूं येतें."

मी माफी मागितली. हळू वाचेन म्हणाले.

"नको, नको. हळू कशास? आमच्या घराबाहेर मराठी ऐकूं आली त्यास फार वर्षें झालीं. कांहीं शब्द कळत नाहींत, पण कानास बरें वाटतें."

मी त्यांना काका म्हणू लागले. त्यांना माझी मराठी नव्या पद्धतीची वाटे आणि मला त्यांची मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी. सगळे या अर्थी ते 'अस्की' म्हणत. 'अस्की लोक आले,' असं ते म्हणाले की मला आधी कोणा एकाचं नाव वाटायचं. त्यांना बाळबोध अक्षर चांगलं वाचता येत होतं, कारण जवळच्या मरुदानल्लूरकडे भजनाची जुनी परंपरा होती आणि तिथे ते तरुणपणापासून जात. मराठी पदं त्यांना शेकड्याने येत. त्यांतल्या काही शब्दांचा अर्थ ते मला विचारत, आणि बऱ्याचदा तो मलाही सांगता येत नसे.

रविवारी दुपारी मला सुट्टी असे. प्रार्थनेहून आले की गल्लीतून वळसा घालून मी पुढच्या ओट्यावर जाऊन बसायची. ओटा रस्त्याचा, तिथे कोणीही बसावं. काका खांबाला टेकून बसत आणि त्यांच्या पत्नी आत, दाराच्या आड, कसलं ना कसलं निवडणं-टिपणं घेऊन. त्या माझ्याशी बोलत नसत. माझं बोलणं मात्र ऐकत असाव्यात, कारण मी हसले की आतलं सूप थांबायचं.

एका रविवारी काकांनी विचारलं, "वाचून झाल्यावर तूं लिहितेस काय रोज?"

मी त्यांना वडिलांचा नेम सांगितला. त्यांना तो आवडला. म्हणाले, "मग मज वाचून दाखीव. चालत असेल तर."

मला न चालायला काय झालं? उलट कोणीतरी ऐकणारं मिळालं याचाच आनंद झाला. तेव्हापासून दर रविवारी आठवड्यातली दोन-तीन मननं मी त्यांना वाचून दाखवू लागले. ते डोळे मिटून ऐकत आणि शेवटी "सरी, सरी" म्हणत. तमिळमध्ये त्याचा अर्थ बरं, ठीक. मी ती शाबासकी समजत असे.

असं सात-आठ महिने चाललं. वह्या नगरला जात होत्या, लाल खुणांनिशी परत येत होत्या. तमिळ मला कामापुरतं येऊ लागलं होतं. कुठे दुखतं, श्वास घ्या, जोर लावा, मुलगा झाला, मुलगी झाली, एवढं नीट यायचं. शिवाय तमिळ बायबलमधली पाच-सहा वचनं मी पाठ केली होती. रोग्याजवळ म्हणायला उपयोगी पडतील असं मला वाटे.

कापणीच्या दिवसांत नाचियार्कोविलच्या पलीकडच्या एका खेड्यातून एक बाई बैलगाडीतून आली. विशीची असेल. दोन दिवस घरी अडली होती. मूल पोटातच गेलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला वाचवलं, हेच खूप होतं. शुद्धीवर नव्हती तेव्हाच मूल झालं. त्याला धुऊन मलमलीच्या जुन्या कापडात मी गुंडाळलं आणि मागच्या दाराशी तिच्या नवऱ्याच्या हातात दिलं. कापड उघडूनही त्याने पाहिलं नाही. छातीशी धरून गाडीच्या दिशेने चालत गेला.

अशा बाईला मूल दाखवायचं नाही, त्याविषयी काही सांगायचंही नाही, अशी तेव्हा रीत होती. आमच्या इस्पितळातच नव्हे, सगळीकडेच. पाहिलं नाही म्हणजे लवकर विसरेल, असं मोठमोठे डॉक्टर मानत. मलाही ते योग्यच वाटायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पत्रकाप्रमाणे जो भाग आला तो ज्याची मुलंबाळं आणि गुरंढोरं एकामागून एक गेली त्या माणसाच्या गोष्टीचा होता. त्याचे तीन मित्र लांबून त्याला भेटायला येतात, त्याची दशा बघून रडतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कोणी एक शब्द बोलत नाही. मी त्यावर सोबतीविषयी दहा ओळी लिहिल्या. दुःखात शब्दांपेक्षा सोबत मोठी, अशा अर्थाचं काहीतरी. लिहून झाल्यावर मी ते पुन्हा एकदा वाचलं, मला ते आवडलं म्हणून.

तीन तासांनी मी त्या बाईच्या खाटेजवळ उभी होते. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. रडत नव्हती. तिची आई खाली जमिनीवर बसलेली. मी तिची नाडी पाहिली, चादर सरळ केली आणि पाठ केलेल्या वचनांतलं एक म्हटलं. ज्याने दिलं त्यानेच नेलं, त्याची स्तुती असो, अशा अर्थाचं.

तिने मान वळवली नाही. तिची आई मात्र माझ्याकडे बघत म्हणाली, "सिस्टरम्मा, तुम्ही जरा गप्प राहाल का?"

आवाज चढवून नाही. नम्रपणेच म्हणाली. पण शेजारच्या दोन खाटांवरच्या बायकांनी ते ऐकलं आणि माझे कान तापले. मी ट्रे उचलला आणि निघाले. दुपारी परत त्या वॉर्डात गेले तेव्हा दारातून दिसलं की त्या आईने मोगऱ्याच्या कळ्यांचे ताजे गजरे आणले आहेत आणि लेकीच्या पदराखाली काहीतरी करते आहे. सगळ्या वॉर्डात वास भरला होता. मला रागच आला. काल मूल गेलं आणि आज हिला फुलं? देवाचं वचन नको आणि हा शृंगार हवा? मी बरोबरीच्या नर्सला सांगून माझ्याकडची ती खाटांची रांग बदलून घेतली. दोन दिवस त्या खाटेकडे फिरकले नाही.

रविवार आला. ओट्यावर बसून मी काकांना आठवड्यातलं सगळ्यांत चांगलं मनन वाचून दाखवलं. ते अर्थातच सात दिवस गप्प बसलेल्या मित्रांचं होतं.

काकांनी "सरी" म्हटलं नाही. ते म्हणाले, "मुली, रागावणार नाहींस?"

"नाही काका."

"आमच्या भजनांत एक गृहस्थ येत असत. पद म्हणण्याअगोदर ते त्याचा अर्थ सांगत. अर्थ बरोबर असे, एक अक्षर चुकत नसे. पण पद म्हणूं लागले कीं गळा उघडतच नसे." त्यांनी माझ्या वहीकडे बोट केलं. "तूं लिहितेस तें बरोबर आहे. पण एवढे महिने मी ऐकतों, मज तुझें कांहींच कळलें नाहीं. तूं इस्पितळांत काय पाहतेस, तुज कशाचें वाईट वाटतें, तुज घर आठवतें कीं नाहीं, कांहीं नाहीं. हें कोणीही लिहील."

मी वही मिटली. रागावणार नाही म्हटलं होतं, पण रागावले. म्हणाले, "आमच्यात स्वतःविषयी बढाई मारत नाहीत."

"बढाई कोण म्हणतो? ते तिघे मित्र त्याच्यापाशीं बसले. तूं कोणापाशीं बसलीस?"

त्यांना त्या बाईविषयी काहीच माहीत नव्हतं. त्यांनी सहज विचारलं होतं. पण जे मी वहीत लिहिलं नव्हतं ते सगळं तिथे ओट्यावर बोलून टाकलं. बैलगाडी, मूल, माझं वचन, तिच्या आईचं उत्तर. शेवटी फुलांचंही सांगितलं, जरा तक्रारीच्याच सुरात. रस्त्यावरून एक भाजीवाली ओरडत गेली.

मग आतून काकांच्या पत्नी बोलल्या. सात-आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

"तीं फुलें केंसांत नव्हेत," त्या म्हणाल्या. "मूल गेलें तरी दूध येतें. फार ठणकतें. फुलें छातीस बांधलीं म्हणजे आटतें. इकडे अस्की बायका बांधतात." मग सूप पुन्हा सुरू झालं आणि त्या आवाजातूनच त्या म्हणाल्या, "मीहि बांधलीं होतीं."

काकांनी मान खाली घातली. मी तिथे आणखी थोडा वेळ बसले आणि मग गल्लीतून खोलीकडे गेले.

तीन वर्षं मी नर्सिंग शिकले होते. दूध आटवायला छातीला कापडाचा पट्टा कसा बांधायचा ते मला येत होतं. आणि गेल्या दोन दिवसांत मी त्या बाईला तो बांधलेला आहे की नाही, एवढंही पाहिलं नव्हतं. फुलं दिसली होती, वास आला होता आणि मी रांग बदलून मोकळी झाले होते.

सोमवारी मी ती रांग परत मागून घेतली. तिची आई आंघोळीला नदीवर गेली होती. बाईला ताप होता. छाती दगडासारखी झाली होती. मी कोमट पाण्याने पुसून घेतलं, सुकलेली फुलं काढून ताजी ठेवली, कारण गजरा उशाशी पानात गुंडाळलेला होताच, आणि त्यांवरून पट्टा बांधला. हे सगळं करताना बोलले नाही. बोलायला काही नव्हतंच. काम झाल्यावर उठायचं सोडून तिथेच स्टुलावर बसले.

बऱ्याच वेळाने ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "तुम्ही होतात ना तेव्हा?"

"होते."

"मुलगा होता की मुलगी?"

मी दाराकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंची फेरी व्हायची होती.

"कोणी सांगत नाही," ती म्हणाली. "आई म्हणते, विचारू नकोस. नवरा म्हणतो, मी पाहिलं नाही. मग पाहिलं कोणी?"

पाहिलं मी होतं. धुतलं मी होतं. जगात त्या मुलाचं तोंड नीट पाहिलेलं माणूस मी एकटी होते, हे मला त्या क्षणी उमगलं.

"मुलगी," मी म्हणाले.

तिने मान वळवली. तमिळमध्ये माझ्याजवळ शब्द थोडे होते, त्यामुळे मी फक्त दिसलं तेवढंच सांगू शकले. केस पुष्कळ, काळे, कानावरही लव. नखं वाढलेली. हनुवटी तुझ्यासारखी. डाव्या पायाचं एक बोट शेजारच्या बोटावर चढलेलं. मी तिला कोमट पाण्याने आंघोळ घातली. कापड मऊ होतं.

"बोट चढलेलं?" तिने विचारलं, आणि चादरीतून स्वतःचा पाय बाहेर काढून दाखवला. तिचंही तसंच होतं.

मग ती रडली. चार दिवसांत पहिल्यांदा. मी तिचा पाय हातात धरून बसून राहिले. पाठ केलेलं एकही वचन मला आठवलं नाही, आणि आठवलं असतं तरी मी म्हटलं नसतं. तिची आई ओलं लुगडं घेऊन दारात आली, तिने आमच्याकडे पाहिलं आणि ती बाहेरच बसली.

डॉक्टरीणबाईंना मी संध्याकाळी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी त्या बाईचा तापाचा तक्ता पाहिला. मग म्हणाल्या, "नियम मोडलास. पण ताप उतरलाय." याहून जास्त काही नाही. बाई आठवड्याने घरी गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहून हात जोडले. नंतर ती मला कधी भेटली नाही.

त्या मंगळवारी पहाटे काय वाचलं ते आज आठवत नाही. पण लिहायला बसले तेव्हा वहीत वचन उतरलंच नाही. मी त्या मुलीविषयी लिहिलं. केस, नखं, बोट. मी काय बोलले आणि कुणी मला गप्प राहायला सांगितलं. मी रांग बदलून घेतली हेही लिहिलं, आणि ते लिहिताना पेन जड झालं. दहा ओळींची पाच पानं झाली. शेवटी 'आमेन' लिहायची माझी सवय होती. ती त्या दिवशी राहून गेली. खाली देवासाठी एकच ओळ होती: तू तिला पाहिलंस ना?

ही पानं फाडावीत असं दोनदा मनात आलं. वडील काय म्हणतील? मनन कुठे आहे यात? पण वही भरली होती आणि मी ती तशीच बुकपोस्टने टाकली. काकांना मी तो मजकूर वाचून दाखवला नाही. त्यांनी विचारलंही नाही. मात्र त्यानंतर मी लिहिलेलं दुसरं काही वाचलं, कालव्यावरच्या एका धोब्याविषयी होतं बहुतेक, तेव्हा ते मध्येच डोळे उघडून म्हणाले, "हा धोबी मज ठाऊक आहे." आणि खूप हसले.

वही परत यायला नेहमी दोन आठवडे लागत. या वेळी महिना झाला. मग वहीऐवजी पत्र आलं. वडिलांचं अक्षर नेहमीसारखं गोल, पण ओळी वाकड्या गेलेल्या.

त्यांनी लिहिलं होतं की वही ते नेहमी एकटेच वाचत, पण ही पानं त्यांनी आईला मोठ्याने वाचून दाखवली. का, ते त्यांनाही माहीत नाही. आई तेव्हा भाकरी थापत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपली तरी तिने ती उलटली नाही. मग तिने त्यांना विचारलं, "आपलं काय होतं?"

माझ्या आधी दोन वर्षं आईला एक मूल झालं होतं आणि ते जिवंत नव्हतं. मला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. वडिलांनी ते गावाबाहेरच्या दफनभूमीच्या कुंपणाशी स्वतःच्या हातांनी पुरलं होतं. सुईणीने सांगितलं, बाईशी याविषयी बोलू नका, म्हणून ते बोलले नाहीत. आईला वाटलं, यांना ते आठवत नाही. त्यांना वाटलं, ही विसरली आहे. अशी पंचवीस वर्षं गेली.

'मी तिला सांगितलं,' वडिलांनी लिहिलं होतं. 'मुलगी होती. मी पाहिली होती. तिचं कपाळ तुझ्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तिकडे गेलो. कुंपण आता नाही, पण जागा मला माहीत आहे. तुझ्या पानांवर मी खूण केलेली नाही. करणं मला बरं वाटलं नाही. वही आईने ठेवून घेतली आहे. तिला वाचता येत नाही, पण राहू दे म्हणाली.'

मी ते पत्र खोलीच्या उंबऱ्यावर बसून वाचलं. मोलकरीण घागर घेऊन आली आणि मला पाहून पाणी न सांडता बाजूने ठेवून गेली.

नाताळात रजा मिळाली. घरी पोचले त्या दिवशी पाहुण्यांची वर्दळ होती, दुसऱ्या दिवशी उपासना, गाणी, शाळेतल्या मुलांना खाऊ. तिसऱ्या दिवशी दुपारी आई आणि मी अंगणात मेथी निवडत बसलो. वडील आत झोपले होते. मी काही विचारलं नाही. कुंभकोणमच्या त्या स्टुलावर मी एवढंच शिकले होते.

जुडी संपत आली तेव्हा आई म्हणाली, "मी तिचं नाव ठेवलंय."

"काय ठेवलंस?"

तिने सांगितलं. ते इथे लिहीत नाही. ते तिने मला एकटीला सांगितलं होतं, वडिलांनाही नंतर सांगितलं की नाही मला ठाऊक नाही. नाव साधं होतं, आमच्या गावाकडचं. ते म्हणून झाल्यावर तिने पाटीतली पानं हाताने सारखी केली, देठं वेगळी काढली आणि मला म्हणाली, "शेळीला घालून ये एवढी."